उलट्या पावली

फेब्रुवारीत, मेंढ्यांच्या पोटात एक कोकरू आहे की दोन हे बघणारा मशीनवाला आला होता त्या दिवशी, कॉर्बीहोप नावाच्या शेतावरच्या मेंढवाड्यात एक मेंढी फळीवरून उडाली आणि थेट मायझीच्या डाव्या गुडघ्यावर आदळली. मायझी चिखलात बसली, तिनं मेंढीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि उठून पुन्हा कामाला लागली. गुडघा सुजला, निळा झाला, मग पिवळा झाला. आमच्या खोऱ्यात असा गुडघा प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येतो. त्याचं कोणी कौतुक करत नाही.

फक्त मायझी तेव्हापासून पाऊल जपून टाकायला लागली. जिना उतरायचा तर आधी गुडघ्याकडं बघायची आणि मग पाय उचलायची. दुखणं गेलं तरी हे बघणं काही गेलं नाही. मार्चमधल्या एका सकाळी ती पलंगावरून उठायला गेली, तर डावा पाय तिच्याबरोबर उठलाच नाही.

"ब्रायस," ती नवऱ्याला म्हणाली, "माझा पाय कुठाय?"

"काल होता तिथंच असेल," ब्रायस अर्धवट झोपेत म्हणाला. मग त्यानं तिचा चेहरा बघितला आणि एका पायात पँट अडकवून गाडीची किल्ली शोधत घरभर उड्या मारायला लागला.

इस्पितळात सगळ्यांना आधी अर्धांगाच्या झटक्याचीच भीती वाटली. डोक्याचे फोटो काढले, पाठीचे काढले, रक्त घेतलं. शेवटी एक तरुण डॉक्टर हसत आला. म्हणाला, "चांगली बातमी आहे. काहीही सापडलं नाही." त्यानं दोन कुबड्या दिल्या, मे महिन्यात राजधानीत मेंदूच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं आणि घरी पाठवलं.

ही बातमी चांगली कशी, ते कॉर्बीहोपमध्ये कुणाला कळेना. पाय मोडला असता तर लोकांनी प्लास्टरवर सह्या केल्या असत्या, बार्लीच्या सूपची भांडी आणून दिली असती. पण काहीच न झालेल्या पायासाठी सूप कोण आणणार? दुकानात बायका विचारायच्या, "काय निघालं गं?" मायझी म्हणायची, "काही नाही." मग दोघी जरा वेळ पावाकडं बघत उभ्या राहायच्या.

पाय मात्र अजिबात हलत नव्हता. ती चालायची तेव्हा ओलं पोतं ओढावं तसा तो मागून फरफटत यायचा. बुटाचं टोक झिजून आतला मोजा दिसायला लागला.

आता कॉर्बीहोपच्या मेंढ्या म्हणजे मायझीच्याच मेंढ्या. ब्रायस लाकडाचा ट्रक चालवतो. त्याला मेंढ्यांचा वासही सहन होत नाही. मायझी गावातल्या बेकरीवाल्याची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा तिला मेंढीचं पुढचं टोक आणि मागचं टोक एवढंच कळत होतं. तिला शिकवलं ते सासऱ्यानं, गिडियननं. म्हातारा बोलण्यात काटेरी, पण शिकवण्यात हात फार मऊ. पहिल्याच वसंतात त्यानं तिला व्यालेली मेंढी गोठ्यात कशी आणायची ते दाखवलं होतं. कोकराचे पुढचे पाय धरायचे, त्याला जमिनीपाशी लोंबतं ठेवायचं आणि मेंढीकडं तोंड करून उलट्या पावली चालायचं. मेंढी कोकराला हुंगत हुंगत मागून येते. कोकरू उंच धरलं की तिला वाटतं ते हरवलं आणि ती पळते. "मेंढीकडं बघू नकोस, स्वतःच्या पायाकडं तर अजिबात बघू नकोस," गिडियन म्हणाला होता. "कोकराकडं बघ नि चालत राहा." पंचवीस वसंत ती असं चालत आली होती. गिडियननं कळप सोपवून आपली काठी तिच्या हातात दिली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते वाऱ्यामुळं आलं असं त्याचं म्हणणं.

आमच्या डोंगरांवर कुंपण नाही. कुठल्या उतारावर चरायचं, बर्फ पडलं की कुठल्या आडोशाला जायचं, हे मेंढी आपल्या लेकीला शिकवते. एकदा हा कळप विकला की दुसऱ्या मेंढ्या आणून उपयोग नाही. त्या दोन दिवसांत दुसऱ्या खोऱ्यात निघून जातात. आणि गेली दोन वर्षं झाडं लावणाऱ्या कंपनीचा एक माणूस चकचकीत बूट घालून गिडियनकडं येत होता. मेंढ्या काढा, डोंगर आम्हाला द्या, आम्ही त्यावर देवदार लावतो. गिडियन दर वेळी त्याला चहा पाजायचा आणि नाही म्हणायचा. मायझीचा पाय गेल्यापासून तो नुसताच चहा पाजत होता, नाही म्हणत नव्हता.

एप्रिल संपता संपता मेंढ्या व्यायला लागल्या. ऐंशीचा गिडियन काठी टेकत डोंगर चढायचा आणि जांभळ्या ओठांनी खाली यायचा. शेजारचा लेडलॉ मदतीला यायचा. हा गिडियनचा शाळेपासूनचा दोस्त, मनाचा चांगला, तोंडाचा सैल. मायझी गोठ्यात उलट्या बादलीवर बसून पोरक्या कोकरांना बाटली पाजायची. तिची कुत्री नेल रोज सकाळी फाटकापाशी जाऊन बसायची आणि मायझीकडं मान वळवून बघत राहायची. गिडियननं शिट्टी वाजवली तर नुसता कान हलवायची.

एका सकाळी गारांचा पाऊस सुरू झाला आणि ओढ्याकाठी एक मेंढी व्याली. पुरुष सगळे वर होते. मायझी कुबड्यांवर, मग कुबड्या टाकून गुडघ्यावर रांगत तिच्यापर्यंत गेली. कोकरू थंडीनं आखडलं होतं. तिनं त्याच्या तोंडातला चिकटा काढला, गवतानं अंग चोळलं, पुढचे पाय धरले आणि कमरेत वाकून गोठ्याकडं निघाली. मेंढी हुंकारत मागून आली. गोठ्याचं दार मायझीनं पाठीनंच ढकललं, दोघांना पेंढ्यावर घातलं आणि दम घेत बादलीवर बसली. कुबड्या ओढ्याकाठीच राहिल्यात, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

पण वरच्या उतारावरून लेडलॉनं सगळं बघितलं होतं.

संध्याकाळी किमा आणि बटाटे वाढून झाले तसा गिडियन म्हणाला, "लेडलॉ म्हणत होता, तू ओढ्याकडनं मेंढी आणलीस."

"आणली. मग काय, गारांत पडू द्यायची होती?"

"चालत आणलीस, म्हणत होता. चांगल्या दोन पायांवर. उलटी."

मायझीचा काटा ताटातच राहिला. तिनं आठवून बघितलं आणि तिला कोकराचं ओलं डोकं तेवढं आठवलं. टेबलाला धरून ती उठली, वळली आणि भिंतीकडं पाठ करून मागं निघाली. पाय उचलला जात होता, टेकत होता, वजन घेत होता. चुलीपासून कपाटापर्यंत ती बिनबोभाट गेली. मग पुढं यायला निघाली आणि पहिल्याच पावलाला कपाटावर कोसळली. सासूच्या वेळच्या दोन निळ्या बश्या फुटल्या.

ब्रायसनं तिला उचलून खुर्चीत बसवलं.

"पाय मोडतो, नाहीतर मोडत नाही," गिडियन म्हणाला. "उलटा चालणारा आणि सरळ न चालणारा पाय मी जन्मात बघितला नाही."

"म्हणजे मी ढोंग करते?"

"मी असं म्हटलं का?"

"मग काय म्हटलंत बाबा? स्पष्ट बोला."

गिडियननं बटाटा काट्यानं कुस्करला. "लोकरीची कातरणी झाली की त्या झाडवाल्याला हो म्हणून टाकतो," तो म्हणाला. "माझ्यानं आता होत नाही."

ब्रायस बश्यांचे तुकडे गोळा करत राहिला. बोलायला हवं होतं हे त्याला कळत होतं, पण आधी काय बोलायचं ते सुचायला त्याला नेहमीच वेळ लागतो. मायझीला नवऱ्याचा राग आला, सासऱ्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त भीती वाटली ती स्वतःची. आपण सगळ्यांना फसवतोय आणि ते आपल्यालाच माहीत नाही, असं असू शकतं का?

मे महिन्यात ब्रायसला सुट्टी मिळाली नाही, म्हणून गिडियननं गाडी काढली. राजधानीत त्यानं कित्येक वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. दर चौकात तो सिग्नलला शिव्या देत होता. मायझी हात मांडीवर घट्ट धरून बसली होती.

"बाबा, एक ऐकाल? ते उलट्या चालण्याचं डॉक्टरांना सांगू नका."

"का?"

"हाकलून देतील मला."

मागच्या गाडीवाल्यानं भोंगा वाजवला, म्हणून त्याला शिव्या देण्यात गिडियन गुंतला.

डॉक्टर हेन्ड्री ही पन्नाशीची, विस्कटलेल्या केसांची बाई होती. तिनं मायझीला आधी मनसोक्त बोलू दिलं. गुडघा, धडक, ती सकाळ, थकवा, सगळं. मग विचारलं, "आणखी काही?" मायझी म्हणाली, "नाही." आणि कोपऱ्यातल्या खुर्चीतून गिडियन म्हणाला, "ही उलटी चालते, डॉक्टर. अगदी नीट."

मायझीनं डोळे मिटून घेतले. ह्या माणसाला आपण बाबा म्हणतो, असं तिच्या मनात आलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "खरंच?" त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका उजळला की गिडियन दचकला. "दाखवा ना मला!"

मायझीनं दाखवलं. खोलीभर उलटी चालली, मग सरळ निघाली आणि डॉक्टरीणबाईंच्या अंगावर पडली. त्यांनी तिला सावरून तपासणीच्या पलंगावर निजवलं, डाव्या टाचेखाली आपला तळहात ठेवला. "टाच खाली दाबा. जोरात." मायझीनं दात ओठ खाल्ले. टाचेत काही जोर आला नाही. "बरं. आता डावा विसरा. उजवा पाय वर उचला, मी तो दाबून धरते."

मायझीनं उजवा पाय उचलला आणि डॉक्टरीणबाई हसल्या. "आजोबा, जरा इकडं या. हात असा ठेवा, हिच्या डाव्या टाचेखाली."

गिडियननं टोपी काढली. एवढ्या वर्षांत सुनेच्या पायाला त्याचा हात कधी लागला नव्हता. तो अवघडून वाकला आणि आपला खरबरीत पंजा त्यानं तिच्या टाचेखाली सरकवला. डावी टाच दाबायला सांगितली तेव्हा ती मेलेल्या पाखरासारखी हातात पडून होती. उजवा पाय उचलायला सांगितला, तशी तीच टाच त्याच्या पंजावर अशी दाबली गेली की त्याची बोटं गादीत रुतली.

"अरे देवा," गिडियन म्हणाला.

"जोर आहे ना?"

"आहे. घोड्याचा आहे."

"हे तिला ठरवून करता येत नाही, आणि ठरवून लपवताही येत नाही," डॉक्टरीणबाई मायझीकडं वळल्या. "तुमचा आजार खरा आहे. काही सापडलं नाही असं नाही, मला आत्ता तुमच्यासमोर सापडलं. ह्याला फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर म्हणतात. माझ्याकडं येणाऱ्यांत पुष्कळांना हाच असतो. मेंदू शाबूत आहे, नसा शाबूत आहेत, पाय शाबूत आहे. बिघडलंय ते मेंदूचं पाय चालवणं. तुम्ही मुद्दाम पाय उचलायला जाता तेव्हा ते अडकतं. लक्ष दुसरीकडं असलं की चालतं."

"म्हणजे ढोंग नव्हे?" गिडियननं सरळ विचारलं.

"ढोंग करणारी बाई सासऱ्याच्या देखत उलटी चालून दाखवेल का?"

गिडियननं विचार केला. "नाही," तो म्हणाला. "आमच्याकडची तरी नाही."

"मी वेडी पण नाही?" मायझीनं विचारलं.

"नाही हो. आणि हे उलटं चालणं लपवायची गोष्टच नाही. तिथूनच आपण सुरुवात करणार आहोत. किती दिवस लागतील ते मी सांगणार नाही. काही पूर्ण बरे होतात, काही बरेचसे होतात. काहींना फारसा फरक पडत नाही, तेही खोटं सांगत नाही."

मायझी रडायला लागली. गिडियन टोपी हातात फिरवत भिंतीवरचं मेंदूचं चित्र बघत राहिला.

परतताना त्यानं रस्त्याकडेच्या टपरीवर गाडी थांबवली. चहा आणि डुकराच्या मांसाचा पाव घेतला.

"तुला आठवतं," गिडियन म्हणाला, "वरच्या रानातला दगडी गडगा वादळात पडला होता? मेंढ्या सगळ्या खालून वळसा घालून जायला लागल्या. आपण गडगा बांधला, फाटक बसवलं, उघडं ठेवलं. तरी वर्षभर बया खालूनच वळसा घालत होत्या."

"म्हणजे माझा पाय मेंढी आहे?"

"मेंढीपेक्षा हट्टी आहे." त्यानं पावातला चुरा खिडकीतून झटकला. "पोरी, मी तुला नको ते बोललो."

"बोललात."

"हं," गिडियन म्हणाला आणि गाडी सुरू केली. एवढं बोलायला त्याला फार कष्ट पडले होते, हे मायझीला कळलं.

मग दर आठवड्याला गावातल्या इस्पितळात शोना नावाची व्यायाम घेणारी मुलगी भेटायला लागली. ही बेटांवरची, बडबडी. ती मायझीला उलटं चालवायची, आडवं चालवायची, नाचल्यासारखं डुलवायची आणि मध्येच म्हणायची, "आता तसंच पुढं." चालताना तिला बेकरीतल्या पावांची कृती विचारायची. मायझी खमीर किती, मीठ किती ते सांगत असायची आणि खोलीचं दुसरं टोक आलेलं असायचं. "पायाकडं बघू नकोस गं," शोना सारखी म्हणायची. "हे मला पंचवीस वर्षांपूर्वी एकानं सांगितलंय," मायझी म्हणाली.

पण खोलीतलं चालणं खोलीतच राहायचं. जूनमध्ये एकदा ती हौसेनं कुबड्यांशिवाय दुकानात निघाली. दारात चार माणसं उभी होती. ती आपल्याकडं बघतायत हे तिला दिसलं, तिनं पायाकडं बघितलं आणि पाय जिथल्या तिथं गोठला. ती पायरीवर तोंडघशी पडली. चौघांत लेडलॉ होता. त्यानं तिला उचललं, तिच्या कोटावरची माती झटकली आणि स्वतःच्या बुटांकडं बघत म्हणाला, "मी तेव्हा बोलायला नको होतं." मायझीच्या हनुवटीतून रक्त येत होतं. "पावाची पिशवी तेवढी उचल," ती म्हणाली.

डोंगराकडं तर ती बघतही नव्हती. फाटकापासून वरची वाट सुरू झाली की पाय जड व्हायचा. आणि कातरणी तोंडावर आली. मेंढ्या डोंगरावरून खाली आणायच्या, लोकर काढायची आणि त्याच आठवड्यात झाडवाला उत्तर न्यायला येणार होता. गिडियननं ना हो म्हटलं होतं, ना नाही.

मेंढ्या उतरवायच्या सकाळी आकाश स्वच्छ होतं. लेडलॉ त्याच्या कुत्र्यांना घेऊन ओढ्यापलीकडच्या उतारावर जाऊन थांबला होता. मायझी नेहमीसारखी कुबड्यांवर फाटकापर्यंत आली. नेल तिथं बसलेलीच होती. आणि फाटकापलीकडं गिडियन उभा होता, त्यांच्याकडं तोंड करून, कमरेत वाकून, हातात दुधाची बाटली जमिनीपाशी धरून. समोर ओढ्याकाठचं ते कोकरू. आईला दूध कमी पडलं म्हणून बाटलीवर वाढलेलं आणि आता पिंपासारखं झालेलं. गिडियननं एक पाऊल मागं टाकलं. कोकरू एक पाऊल पुढं आलं.

"बाबा, हे काय चाललंय?"

"कोकराला पाजतोय."

"उलटं चालत? डोंगर चढत?"

"माझे पाय, माझी मर्जी," गिडियन म्हणाला आणि चढाला लागला.

"अहो, पडाल! मागं दगड आहे!"

"कुठं?"

"डावीकडं. अहो, तुमच्या डावीकडं! कधी कळायचं ह्यांना!" मायझीनं कुबड्या फाटकाला टेकवल्या, कारण हातवारे करायला हात मोकळे हवे होते. "थांबा. आता उजवीकडं व्हा. दलदल आहे तिथं."

"दिसत नाही मला."

"पाठीला डोळे नाहीत तर चालता कशाला? आता सरळ. हळू! बाटली खाली धरा, ते कोकरू उड्या मारतंय."

"कुणी शिकवलं तुला एवढं?"

"एका अडाणी माणसानं. दगड! बाबा, दगड!"

असे ते चढत होते. पुढं उलटा म्हातारा, त्याच्यामागं बाटलीला लुचणारं कोकरू, कोकरामागं शिव्या घालणारी सून आणि सगळ्यांच्या मागं नेल. वाऱ्यावर नेचाचा वास येत होता. गिडियनच्या छातीचा भाता झाला होता, तरी तो थांबला नाही. वरच्या गडग्याच्या फाटकाला त्याची पाठ टेकली तेव्हा कुठं तो सरळ झाला. कोकरानं बाटली हिसकून घेतली.

मायझीनं फाटकाच्या फळीवर हात ठेवला आणि धापा टाकत मागं वळून बघितलं. खाली, फार खाली, तिच्या कुबड्या दिसत होत्या.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "कुबड्या खालीच राहिल्या."

"मग? कोण चोरणार आहे त्या?"

"उतरताना अडेल पाय. शोना म्हणते, तो मधूनमधून अडणारच."

"अडला तर बसू. मला कुठं घाई आहे?"

तिला आपल्या बुटाकडं बघावंसं वाटलं. ती बघणार एवढ्यात ओढ्यापलीकडून लेडलॉचा आवाज आला. त्याचा आवाज तीन शेतांपलीकडं ऐकू जातो.

"गिडियन! अरे, तू पण उलटा चालायला लागलास काय? डॉक्टरला बोलावू?"

"गप रे, बोलभांड्या!" गिडियन ओरडला. मग दम घेऊन पुन्हा ओरडला, "मेंढी तिच्या डोंगरावर आणून सोडतोय, दिसत नाही? आणि तो चकचकीत बुटाचा भेटला तर त्याला सांग, चहा प्यायला ये म्हणावं. नुसता चहा, डोंगर नाही!"

"मेंढी कुणाला म्हणता हो?" मायझी म्हणाली. गिडियननं टोपी डोळ्यांवर ओढली. वारा होताच.

नेल फाटकातून वर बघत होती आणि तिचं सगळं अंग थरथरत होतं. मायझीनं दोन बोटं तोंडात घातली आणि शीळ घातली.